तुझं लक्ष कुठं होतं?

भाकरी थापता थापता ऐकत असाल त्यांना नमस्कार, आणि पोर मांडीवर झोपवून रेडिओचा आवाज बारीक करून ऐकत असाल त्यांनाही.

आजचा विषय बचतीचा नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज बोलायचंय लहान पोरं आपली जी फजिती करतात तिच्याबद्दल. रांगायला लागल्यापासून पहिलीत जाईपर्यंतची पोरं धरा. या पाच-सहा वर्षांत घरात रोज काहीतरी सांडतं, फुटतं, गिळलं जातं, नाकात घातलं जातं, नको तिथं बोललं जातं. आणि काहीही झालं तरी घरातून, शेजारून, कधी दवाखान्यातूनसुद्धा एकच प्रश्न येतो, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ बापाचं लक्ष कुठं होतं, असं कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर जरूर कळवा.

हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडतो की झालेली फजिती लपवायचीच आपल्याला सवय लागते. बहुतेक वेळा लपवल्यानं काही बिघडत नाही. पण काही थोड्या वेळा बिघडतं, आणि फार बिघडतं. कोणती गोष्ट हसून सोडायची आणि कोणती तिथल्या तिथं सांगायची, एवढंच आज बघू.

आधी हसायच्या गोष्टी घेऊ.

आमच्याकडच्या एका गटाच्या बैठकीला बँकेचे साहेब आले होते. कर्जाची फाइल, सह्या, फोटो, सगळं गंभीर चाललेलं. एका ताईंचा चार वर्षांचा मुलगा त्यांना खेटून बसला होता आणि साहेबांकडं टक लावून बघत होता. जरा शांतता झाली तसा मोठ्यानं म्हणाला, ‘आई, हेलपाटे घालायला लावतो तो साहेब हाच का?’ साहेब हसले म्हणून निभावलं. ताईंना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी गेल्यावर पोराच्या पाठीत धपाटा बसला, हे त्यांनीच पुढच्या बैठकीत सांगितलं. (कर्ज मंजूर झालं, काळजी नसावी.)

आता त्या पोरानं केलं काय? घरात जे ऐकलं ते बोललं. घरात बोलायचं आणि बाहेर बोलायचं असे दोन वेगळे कप्पे त्या वयाच्या डोक्यात नसतात. आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसेल, समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असेल, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास यायला लागते. तोवर पोर जे कानावर पडेल ते जसंच्या तसं पुढं देतं. आत्याबाईंसमोर ‘आई म्हणते आत्या आली की चार दिवस जात नाही’ असं सांगणारी पोरगी आगाऊ नसते, तिचं वय तेवढंच असतं. यावर इलाज एकच, पोर जागं असताना आत्याबाईंबद्दल चांगलं बोलावं.

शिव्यांचंही तसंच. दोन-अडीच वर्षांच्या पोराला शिवीचा अर्थ कळत नाही. हा शब्द उच्चारला की घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून आपल्याकडं बघतात, एवढं मात्र पक्कं कळतं. आपण हसलो तरी शब्द घट्ट बसतो आणि अंगावर धावून गेलो तरी घट्ट बसतो. कानाआड करावं, पोराला दुसऱ्या कशात गुंतवावं, म्हणजे काही दिवसांत जातं. शिवी आजोबांकडून आली असेल तर पोर विसरेल, आजोबांचं सांगता येत नाही.

आठवडी बाजाराचा प्रसंग तर प्रत्येकीच्या वाट्याला आलेला असतो. भाजीची पिशवी एका हातात, पोर दुसऱ्या हाताला, आणि फुग्याच्या गाड्यापुढं पोरानं घेतलेली लोळण. पाय झाडतंय, धुळीत लोळतंय, ओळखीची माणसं थांबून बघतायत. एखादी म्हणते, ‘देऊन टाक गं, दहा रुपयांसाठी रडवतीस.’ दुसरी म्हणते, ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असं.’ तिच्या वेळी होतं. तिच्या सासूला विचारा.

एक ते साडेतीन-चार वर्षांपर्यंत असे हट्ट होणारच. पोराला हवं असतं डोंगराएवढं आणि सांगायला शब्द असतात मूठभर. मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग तयार व्हायला पुढं कित्येक वर्षं जातात. त्यात बाजार भरतो तो बरोबर पोराच्या झोपेच्या किंवा भुकेच्या वेळी. उन्हात, गर्दीत, उपाशी पोटी मोठ्या माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. बाजाराला निघताना त्याला दोन घास भरवावेत, जमलं तर झोप झाल्यावर न्यावं. तिथं लोळण घेतलीच तर उचलून कडेला, गर्दीबाहेर घेऊन बसावं. त्या वेळी शहाणपण सांगू नये, ते कानात शिरत नाही. जवळ बसावं, लागू देऊ नये, ओसरायची वाट बघावी. आणि एकदा नाही म्हटलेला फुगा रडला म्हणून नंतर घेऊन देऊ नये. नाहीतर किती वेळ रडलं की फुगा मिळतो हा हिशोब पोर आपल्यापेक्षा चोख ठेवतं.

अंगणवाडीचं एक सांगते, कारण त्यावरून आया फार मनाला लावून घेतात. सेविका ताई सांगतात, ‘दिवसभर शहाण्यासारखी बसली हो, गाणी म्हटली, खिचडी खाल्ली.’ आणि आई दारात दिसली की तीच पोरगी चप्पल फेकते, भोकाड पसरते. लगेच कुणीतरी म्हणतंच, आईनं लाडावून ठेवलीय. पण बघा, आपणसुद्धा लग्नघरात, चार पाहुण्यांत दिवसभर नीट वागतो आणि घरी आलो की मगच पाय पसरतो, चिडचिड करतो. पोरगी दिवसभर स्वतःला सावरून बसलेली असते. हक्काचं माणूस दिसलं की सोडून देते. ज्याच्याजवळ निवांत वाटतं त्याच्याचजवळ पोर वाईट वागतं. यात आईचं काही चुकलेलं नसतं.

पाहुण्यांच्या गादीवर केलेली शू हाही असाच मान खाली घालायला लावणारा प्रकार. पाच वर्षांपर्यंत झोपेत शू होणं नेहमीचं आहे, आणि काही पोरांना त्यापुढंही वर्ष-दोन वर्षं लागतात. सहा महिने अंथरूण कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, शू करताना जळजळ होत असेल, किंवा पोर भलतंच पाणी पीत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एरवी जुना प्लास्टिक कागद आणि वाकळ सोबत न्यावी आणि विषय सोडून द्यावा.

बँकेच्या साहेबांसमोर बोललेल्या त्या पोराला धपाटा का बसला? ते खरं बोललं होतं, आणि ते शब्दही आईचेच होते. धपाटा बसला कारण चारचौघांत आईची मान खाली गेली. बाजारातली चापटही तशीच. पोराला लागते, पण मारलेली असते बघणाऱ्यांसाठी, की बघा बाई, मी लाडावलेलं नाही. घरी एकटी असताना तेवढ्याच गोष्टीला बहुतेक आया हात उगारत नाहीत. पुढच्या वेळी हात उचलला गेला की मनाशी एवढंच बघा, आत्ता इथं बघायला कोण कोण उभं आहे.

हीच लाज दुसऱ्या वाटेनंही काम करते, आणि खरं तर त्याचसाठी आजचं हे बोलणं ठरवलं.

शेंगा काढायचे दिवस होते. अंगणात वेलांचा ढीग, चार-पाच बायका शेंगा तोडत, फोडत बसलेल्या. मध्येच पावणेदोन वर्षांची एक पोरगी खेळत होती. मुठीत दाणे, तोंडात दाणे. कुणीतरी तिला हसवलं आणि तिला जोराचा ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. कुणी पाठीवर थापट्या मारल्या, कुणी पाणी आणायला धावलं. दोन-तीन मिनिटांत ठसका थांबला आणि पोरगी पुन्हा खेळायला लागली. गेला बाई दाणा, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. संध्याकाळी सासरे आणि नवरा घरी आले तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता ते तुम्हाला माहीत आहे.

आठवड्यानं खोकला सुरू झाला. सर्दीचं औषध झालं. जरा बरं वाटलं, मग ताप आला. दुसरा दवाखाना झाला, तिसरा झाला. छातीत घरघर, औषध चालू आहे तोवर बरं, बंद केलं की पुन्हा तेच. असा दीड महिना गेला. तालुक्याच्या मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘मध्ये कधी खाताना एकदम ठसका लागला होता का?’ शेजारी सासूबाई उभ्या. सून म्हणाली, ‘नाही.’ बाहेर आल्यावर मात्र तिला राहवलं नाही, तिनं नर्सबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यावरून पोरीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घातली आणि अर्धा शेंगदाणा बाहेर काढला. पोरगी आता बरी आहे.

हे होतं कसं ते समजून घेऊ. घशात दोन वाटा असतात, एक अन्नाची आणि एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट झाकली जाते. हसताना, रडताना, पळताना आपण एकदम श्वास आत ओढतो, त्या क्षणी ती वाट उघडी असते. मोठ्या माणसानं दाणा आधी दाढेखाली चावून बारीक केलेला असतो. लहान पोराच्या दाढा अडीच-तीन वर्षांपर्यंत पुऱ्या आलेल्या नसतात. समोरच्या दातांनी दाण्याचे दोन तुकडे होतात आणि ते गुळगुळीत तुकडे तोंडात फिरत राहतात. ठसका लागतो तेव्हा दाणा श्वासनळीत शिरलेला असतो. खोकून बाहेर आला तर उत्तम. पण कधी कधी तो पुढं सरकून, छातीत श्वासनळीच्या दोन फांद्या होतात तिथं एका फांदीत जाऊन बसतो. तिथं बसला की ठसका थांबतो. आपल्याला वाटतं दाणा पोटात गेला.

पोर काही तास, काही वेळा काही दिवसही बरं दिसतं. मग दाणा ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं आतली बाजू सुजते, त्या बाजूची हवा कोंडते, पू होतो. खोकला, ताप, एका बाजूला घरघर. दिसायला सगळं सर्दी-न्यूमोनियासारखंच. आणि यातली खरी अडचण अशी की शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. नाणं दिसतं, खिळा दिसतो, शेंगदाणा दिसत नाही. सुरुवातीला एक्स-रे अगदी चांगलाही येऊ शकतो. मग डॉक्टरांना कळणार कशावरून? त्या दिवशी ठसका लागला होता हे ज्यानं बघितलं त्याच्या तोंडूनच. एवढ्या मोठ्या दवाखान्यातल्या मशीनला जे दिसत नाही ते अंगणात बसलेल्या सुनेनं बघितलेलं असतं, आणि सासूसमोर तिला ते सांगता येत नाही.

म्हणून खाताना किंवा तोंडात काही असताना पोराला असा एकदम ठसका लागला आणि त्यानंतर खोकला, घरघर, धाप काहीही उरलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नंतर कधीही, महिन्याभरानंही, खोकला घेऊन गेलात तर न विचारता सांगा की अमुक दिवशी असा ठसका लागला होता. आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. चिंचोके, सीताफळाच्या आणि बोराच्या बियाही हाताला लागू देऊ नका. शेंगदाणा वाईट नाही, त्यात ताकद आहे. आपल्याकडं प्रत्येक घरात कुटाचा डबा भरलेला असतो. पोराला कूट द्यावं, कुटाचा बारीक लाडू मोडून द्यावा. आणि बसवून भरवावं. पळत्या पोराच्या मागं घास घेऊन पळणं हे आपल्याकडं मायेचं लक्षण समजतात, पण त्यात धोका आहे.

आता बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

नाकात हरभरा, वाटाणा, मणी घालणं हे पोरांचं आवडतं काम. हेअरपिन, काडी, चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. पाणीही घालू नका, हरभरा भिजून फुगतो. डॉक्टर तो मिनिटभरात काढतात. पोरानं सांगितलंच नाही तरी एक खूण आहे. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं समजा.

नाणं गिळलं तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा. पोटात पोचलेलं नाणं बहुतेक वेळा शीवाटे आपोआप पडतं. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर मात्र घाई करा. रिमोट, खेळणी, वजनकाटा, दिव्यांच्या माळा यांत जे बटणासारखे चपटे सेल असतात ते नाण्यासारखे दिसतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. असा सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतली नळी भाजून निघू शकते. इथं सकाळची वाट बघायची नाही.

रॉकेल, डिझेल, थिनर, फवारणीचं औषध हे पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायची आपल्याकडं फार वाईट रीत आहे. पोराला बाटली ओळखीची, आतलं काय ते कळत नाही. असं काही प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी करवू नका. रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसात जास्त नुकसान करतं आणि उलटी होताना ते फुफ्फुसात शिरतं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, बाटली सोबत घ्या आणि निघा. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा त्याच्यावरचं लेबल नेलंत तर डॉक्टरांना कोणतं औषध द्यायचं ते लवकर ठरवता येतं.

चहा, वरण, आंघोळीचं कढत पाणी अंगावर सांडलं तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तेल, शाई, बर्फ काही नको. मग स्वच्छ कापडानं झाका आणि दवाखान्यात न्या.

पाण्याचं एक सांगून हा भाग संपवते. रांगणाऱ्या, नुकत्या चालायला लागलेल्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकून बघताना ते डोक्यावरच आत जातं आणि त्याला उलटून वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज अजिबात होत नाही. आंघोळ झाली की बादली पालथी घालावी, हौदाला झाकण असावं. आणि ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी कुंपण घातल्याशिवाय पोरांना तिकडं नेऊ नये. त्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसाचाही पाय वर निघत नाही. काठावर चार ठिकाणी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवायला फार खर्च येत नाही. आपल्या मालकांना सांगा. कांदा लावायच्या आधी सांगा, नंतर त्यांना वेळ नसतो.

यातली एकही गोष्ट अशी नाही की जी फक्त बेफिकीर आईच्या घरात घडते. पोराला चालायला आलं की ते एका श्वासात अंगणभर जातं. डोळ्यात तेल घालून बसलेली बाईसुद्धा दूध उतू गेलं की उठते. ‘लक्ष कुठं होतं’ याचं खरं उत्तर बहुतेक वेळा चुलीवर, गोठ्यात किंवा दुसऱ्या पोराकडं, एवढंच असतं. म्हणून वस्तूंची जागा बदलणं हे लक्ष ठेवण्यापेक्षा जास्त भरवशाचं आहे. सेल बंद डब्यात, औषध कुलपात, बादली पालथी, चहाचा कप कट्ट्याच्या आत सरकवलेला. हे काम घरातल्या कुणालाही करता येतं, त्याला आईच लागते असं नाही.

आणि तरीही काही झालंच तर घरात एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. आधी गाडी, मग चौकशी. १०८ नंबरला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका फुकट येते, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या घाईत आठवत नाही. नंबर दारामागं खडूनं लिहून ठेवा. दृष्ट काढायची असेल त्यांनी जरूर काढा, फक्त मीठ-मोहरी शोधेपर्यंत गाडी थांबवून ठेवू नका. दवाखान्यात गेल्यावर काय झालं, किती वाजता झालं, पोटात साधारण किती गेलं आणि घरी काय केलं, हे सरळ सांगा. हळद लावली असेल तर लावली म्हणा. कधी एखादे डॉक्टर रागावतात. रागावू देत. त्यांचा राग पाच मिनिटांचा असतो. सासूसमोर बोलायला जीभ रेटत नसेल तर नर्सबाईंना सांगा, आशाताईंना सांगा.

ऐकणाऱ्या सासूबाईंनाही एक विनंती. सून घाबरून तुमच्याकडं आली तर पहिल्या वाक्यात ‘काय गिळलंय, कधी गिळलंय’ एवढंच विचारा. तुमच्या काळातल्या फजित्या तिला सांगितल्यात तर फारच उत्तम. तुमच्या मुलानं लहानपणी काय काय उद्योग केले हे ऐकायला सून कधीही तयार असते.

आमच्या काही गटांत आता बैठकीच्या शेवटी, कर्जवाटप झालं की, दहा मिनिटं यासाठी ठेवतात. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच, इतिवृत्तात लिहायला अडचण येत नाही. प्रत्येकीनं महिन्यातली एक फजिती सांगायची. सल्ला कुणी मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि तो प्रश्न तर विचारायचाच नाही. पहिल्या महिन्यात कुणी बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी वयस्कर मावशी सुरुवात करते, आणि मग दहा मिनिटांत आवरत नाही. सेल गिळल्याचं, बादलीतून ओढून काढल्याचं, अशा कधीच न सांगितलेल्या गोष्टी तिथं निघतात आणि शेजारणीला आपल्या घरातला तसाच सेल आठवतो.

याच दहा मिनिटांत एक गोष्ट हातानं करून शिकायची आहे, ती म्हणजे घशात अडकलेला घास काढणं. उपकेंद्राच्या सिस्टर किंवा आशाताईंना बोलवा आणि बाहुलीवर करून बघा. पोर खोकत असेल, आवाज फुटत असेल तर खोकू द्यावं, पाठ थोपटत मध्ये पडू नये. आवाज बंद झाला, खोकताच येईना, ओठ निळे पडू लागले, तर लगेच हात घालायचा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली उतरतं धरायचं, डोक्याला हाताचा आधार द्यायचा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच धपके द्यायचे. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबायचं. पुन्हा पालथं, पुन्हा पाच. वर्षाच्या पुढच्या पोराला पुढं वाकवून तसेच पाच धपके द्यायचे. मग मागून मिठी मारून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर ओढायचं. दिसत नसेल तर घशात बोट फिरवायचं नाही. पाय धरून उलटं टांगायचंही नाही. पोराची शुद्ध हरपली तर काय करायचं तेही सिस्टरकडून त्याच दिवशी शिकून घ्या, ते नुसतं ऐकून जमत नाही.

बाहुली नसेल तर उशीला टॉवेल गुंडाळून चालतो. प्रत्येकीनं दोनदा करून बघावं, आणि जमलं तर पुढच्या बैठकीला एक-दोन मालकांनाही बोलवावं.